विसावी हिरडी

सकाळी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा सूनबाई एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होत्या. ग्रंथपाल इतक्या बोबड्या आवाजात बोलत होते की काहीतरी विपरीत घडलंय हे त्यांना शब्द कळायच्या आधीच कळलं. उकडलेल्या बटाट्याने ग्रंथपालांचं तोंड पोळलं होतं. टाळू, वरचा ओठ आणि समोरच्या दातांवरची हिरडी, सगळं लालेलाल. तरीही येऊ का, असं ते बिचारे विचारत होते. माणूस सज्जन होता, पण सज्जनपणाचा इथे काही उपयोग नव्हता. सूनबाईंना त्यांची हिरडी हवी होती.

सूनबाई दातांच्या डॉक्टर. माणसाच्या हिरडीतलं रक्त कसं वाहतं, कशाने अडतं आणि अडलेलं पुन्हा कसं सुटतं यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. घरात हा विषय कोणाला नीट उमगला होता असं नाही. नवरा ओळखीपाळखीच्या लोकांना “तिचं काहीतरी रक्ताचं चाललंय” एवढंच सांगायचा आणि लोक सहानुभूतीने मान हलवायचे. खरं तर गोष्ट सोपी होती. हिरडी दाबली की पांढरी पडते, सोडली की पुन्हा गुलाबी होते. सोडल्यावर तिथलं रक्त आधीपेक्षा जास्त उसळून येतं आणि मग हळूहळू आपल्या मूळ चालीवर जातं. ते किती उसळतं, कुठवर पसरतं आणि कधी शांत होतं, हे सूनबाईंना मोजायचं होतं.

मोजायचं मशीन दुसऱ्या एका संस्थेकडून उसनं आणलेलं होतं आणि ते न्यायला आज संध्याकाळी गाडी येणार होती. निरोगी हिरडीची वीस माणसं तपासायची असं ठरलं होतं. एकोणीस झाली होती. विसावं माणूस आज मिळालं नाही तर मशीन पुन्हा कधी मिळेल ते संस्थेलाच ठाऊक, आणि सूनबाईंची पदवी तोपर्यंत लटकलेली राहणार होती. नवऱ्याची हिरडी सुरुवातीलाच नापास झाली होती. सासूबाईंच्या समोरच्या दातांवर कॅप होत्या. स्वतःचीच हिरडी स्वतः तपासायची सोय नव्हती.

“हिरडी हवी आहे ना?” सोफ्यावरून आवाज आला. “मग ही बघ की.”

सासरे पेपर खाली ठेवून वरचा ओठ बोटाने उचलून बसले होते. घरात आणि घराबाहेर सगळे त्यांना आप्पा म्हणत. हिरडी म्हणाल तर खरोखरच पुस्तकातल्या चित्रासारखी होती, घट्ट, गुलाबी, कुठे नाव ठेवायला जागा नाही. सूनबाईंना ते फार आधीपासून माहीत होतं. माहीत असून त्यांनी आजवर आप्पांपुढे विषय काढला नव्हता, कारण या तपासणीत पाऊण तास गप्प बसावं लागतं.

आप्पा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना ते रानोमाळ हिंडले आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं हिंडणं शब्दांतून पुन्हा हिंडत होते. डोंगरावर मोजणी चालू असताना दुर्बिणीच्या तीन पायांच्या तिकाटण्याला मधमाश्यांनी पोळं कसं केलं, ही गोष्ट दूधवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळ्यांची ऐकून झाली होती. विमा एजंट तर पुन्हा फिरकला नाही. सासूबाई मात्र जेमतेम “हो”, “नाही” आणि “वाढू का” एवढ्यावर संसार करत आल्या होत्या. त्यांना बोलायचंच नसावं असं घरातल्यांनी केव्हाच धरून टाकलं होतं.

पण गरजवंताला निवडीची चैन नसते. सूनबाईंनी आप्पांना सूचना दिल्या. दुपारपर्यंत चहा नाही, खाणं नाही, दात नेहमीसारखेच घासायचे, मन शांत ठेवायचं. आप्पांनी सगळ्याला मान डोलावली. परत येताना उपाशी माणूस एकटा नको म्हणून सासूबाईंनीही बरोबर जायचं ठरलं.

दुपारी दोघं दंतमहाविद्यालयात पोचली. लिफ्टच्या चार मजल्यांत आप्पांनी लिफ्टवाल्याला मधमाश्यांपर्यंत आणलं होतं, पण दार उघडल्याने पोळं अर्धवट राहिलं. ते त्यांनी सूनबाईंच्या सरांना पहिल्यापासून ऐकवलं. सर हे मोजकं बोलणारे गृहस्थ. ते घड्याळाकडे पाहत “अस्सं” म्हणत राहिले आणि आप्पांना तो उत्सुकतेचा नमुना वाटला.

खोली लहानशीच होती. मधोमध दातांची खुर्ची, तिच्यावर झुकलेला कॅमेरा आणि बाजूला पडदा. कॅमेऱ्यातून हिरडीवर मंद तांबडा उजेड पडायचा आणि आत रक्त किती वाहतंय त्याची रेघ पडद्यावर सरकत जायची. आप्पा खुर्चीत बसले, सूनबाईंनी त्यांचा ओठ वर केला. डावीकडची हिरडी सोलवटून लाल झाली होती.

“आप्पा, दात कशाने घासलेत?”

“नवीन ब्रश आणला. चांगला टणक बघून. तुझ्या सरांसमोर यायचं, मग दोनदा घासले.”

“मी नेहमीसारखे म्हटलं होतं.”

“नेहमी कुठे कोणी बघतं?”

नशीब एवढंच की आप्पा उजव्या हाताने घासणारे. सगळा जोर डावीकडे गेला होता आणि उजवी बाजू बचावली होती. सरांनी वाकून पाहिलं आणि उजवी चालेल असं मानेने सांगितलं. मग सूनबाईंनी रिट्रॅक्टर काढला. रिट्रॅक्टर म्हणजे ओठ आणि गाल दातांपासून लांब धरून ठेवणारं प्लास्टिकचं कडं. ते लावलं की माणूस कायमचा हसतोय असं दिसतं आणि त्याला एक शब्द धड बोलता येत नाही. आप्पा मधमाश्यांच्या डंखावर काय लावलं ते सांगत असतानाच ते बसलं आणि खोलीत एकदम शांतता झाली.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. “हे काढल्याशिवाय निघत नाही का?” त्यांनी हळूच विचारलं. नाही, असं कळल्यावर त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

आता नियम असा होता की आधी काही वेळ हिरडीला हात लावायचा नाही. माणूस निवांत झाला की रेघ सरळ चालते, आणि ती सरळ चालल्याशिवाय दाबायचं नाही. एकोणिसांची रेघ दहा मिनिटांत सरळ आली होती. त्यातला एकजण तर झोपलाच होता. आप्पांची रेघ मात्र वर जात होती, खाली येत होती, जरा थांबल्यासारखी करून पुन्हा उसळत होती. सूनबाईंनी थोडी वाट पाहिली. मग आणखी थोडी पाहिली.

पंख्याचा वारा लागत असेल म्हणून पंखा बंद केला. गरम होत असेल म्हणून पुन्हा लावला. मानेखालची उशी बदलली, पायांवर चादर घातली, खिशातला मोबाइल काढून घेतला. शेवटी आप्पा घशातून आवाज काढून कॅमेऱ्याकडे बोट दाखवू लागले. काहीतरी दुखतंय म्हणून रिट्रॅक्टर काढला, तर कॅमेऱ्याचा स्टँड एका बाजूला किंचित कललेला आहे आणि मोजणीत असलं चालत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. ते सांगता सांगता एका कललेल्या स्टँडमुळे दोन गावांची हद्द कशी सरकली तिथवर ते गेले. सरांनी स्वतःच्या हाताने रिट्रॅक्टर परत लावला. आता पुन्हा पहिल्यापासून थांबणं आलं, आणि रेघेचं नाचणं काही थांबेना.

सूनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. गाडीची वेळ जवळ येत होती. खुर्चीत जगातली एक उत्तम हिरडी पडली होती आणि तिच्यात रक्त जत्रेतल्यासारखं धावत होतं. त्यांना रडू यायचंच काय ते बाकी होतं. सरही हात मागे बांधून पडद्यासमोर उभे होते, आणि सर असे उभे राहिले की आशा संपली असं समजायचं, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं.

“अहो, घराची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?” सासूबाईंनी विचारलं. “मला आत्ता बसल्या बसल्या आठवलं. मोरीतला नळ मी घट्ट बंद केला की नाही ते काही आठवत नाहीये. तो आताशा नीट बंद होत नाही. प्लंबरला दोनदा सांगितलं, येतो म्हणतो आणि येत नाही. त्याच्या बायकोला भेटले होते मी परवा.”

“आई, थोडं थांबा,” सूनबाई म्हणाल्या आणि सासूबाई लगेच थांबल्या.

“थांबू नका,” सर म्हणाले.

सरांचा आवाज एवढा चढलेला सूनबाईंनी कधी ऐकला नव्हता. ते पडद्याकडे बोट दाखवत होते. किल्लीपासून प्लंबरच्या बायकोपर्यंत रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली होती. सासूबाई थांबल्या त्या जागी तिने पुन्हा उडी मारली होती.

“वहिनी, प्लंबरच्या बायकोचं काय झालं?” सरांनी विचारलं.

“काही नाही. तिचा गुडघा दुखतो,” सासूबाई गोंधळून म्हणाल्या. रेघ बसली. त्या गप्प झाल्या. रेघ उठली.

सरांनी त्यांना बाहेर पाठवून पाहिलं, आत बोलावून गप्प उभं करून पाहिलं, आणि आत बोलावून बोलायला लावून पाहिलं. शंकेला जागाच राहिली नाही. बायको गप्प असली की आप्पांचं रक्त सैरभैर व्हायचं आणि ती बोलू लागली की शहाण्या मुलासारखं वागायचं.

“मी गप्प बसले की यांना वाटतं माझं काहीतरी बिनसलंय,” सासूबाई ओशाळून म्हणाल्या. “लग्न झालं तेव्हापासून असंच आहे. मग ते बोलत सुटतात.”

“आणि ते बोलत सुटले की तुम्ही गप्प बसता?” सरांनी विचारलं.

“दोघांनी एकदम कसं बोलायचं?”

आप्पांनी खुर्चीत मान हलवायचा प्रयत्न केला, पण सूनबाईंनी ती धरली. यात सुरुवात कोणी केली हे आता कोणत्याच मशीनला सांगता येणार नव्हतं. सूनबाईंना सासूबाईंची, सासऱ्यांची आणि थोडी स्वतःचीही दया आली. पण त्या संशोधकही होत्या, आणि त्यांना वेगळीच टोचणी लागली. आधीच्या एकोणिसांच्या वेळी खोलीत कोणी बोलत नव्हतं. मग हे मोजमाप खरं कसं धरायचं?

“शांतता खोलीत हवी होती की माणसात?” सर म्हणाले. “प्रबंधात स्वच्छ लिही. विसाव्या व्यक्तीच्या तपासणीत तिची पत्नी बोलत होती. कोणी आक्षेप घेतला तर मी बघतो. फक्त वहिनी, मध्ये थांबायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही.”

सासूबाईंना स्टूल दिलं. त्या पर्स मांडीवर धरून बसल्या आणि पंचाईत झाली. उभ्या जन्मात त्यांना कोणी असं बोला म्हणून बसवलं नव्हतं. त्यांनी आधी नळ संपवला. मग भाजी संपवली, शेजारणीच्या मुलीचं लग्न संपवलं, कपाटात ठेवलेल्या हिवाळ्याच्या कपड्यांना कसर लागल्याचं सांगितलं. रेघ सरळ चालली होती. आणखी जरा वेळ ती तशीच राहिली की दाबायला हरकत नव्हती. आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंकडचं बोलणं आटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने हात जोडले.

“शिवणाच्या क्लासचं सांगू का?” त्यांनी विचारलं. कोणाला, ते त्यांनाही कळलं नसावं. “तुम्ही मोजणीवर महिना महिना बाहेर असायचात. मुलं शाळेत जायची. मी शिवणाच्या क्लासला जाते असं तुम्हाला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी निघाले पण होते. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. क्लासचा स्टॉप आला आणि मला उतरावंसंच वाटेना. बस जाईल तिथवर गेले.”

सूनबाईंनी गोल टोकाची दाबायची कांडी हिरडीवर ठेवली आणि हलकेच दाबली. पडद्यावरची रेघ खाली गेली.

“शेवटच्या स्टॉपला एक तलाव होता. तिथे एक म्हातारा होड्या भाड्याने द्यायचा. त्याने विचारलं, बसायचंय की चालवायचीय? मी म्हटलं, चालवायचीय. कसं काय तोंडातून गेलं कोण जाणे.”

वेळ झाल्याची घंटी वाजली म्हणून बरं, नाहीतर सूनबाई कांडी उचलायला विसरल्याच असत्या. त्यांनी हिरडी सोडली. रक्त परतलं, आधीपेक्षा वर उसळलं, दाबलेल्या जागेच्या बाहेरही पसरलं. एकोणीस जणांत एवढी देखणी उसळी कोणाचीच नव्हती. तलाव म्हटल्यावर आप्पांनी एक बोट वर केलं होतं. त्या तलावाची मोजणी त्यांनीच केलेली असणार, यात खोलीतल्या कोणालाच शंका नव्हती. सरांनी ते बोट प्रेमाने खाली ठेवलं.

“मग मी जातच राहिले,” सासूबाई सांगत होत्या. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता आणि त्या कोणाकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. “हाताला घट्टे पडले. तुम्ही विचारलंत तेव्हा कात्रीचे आहेत म्हटलं. तुम्हाला पटलं. माझ्या हातचं शिवलेलं घरात एक रुमालसुद्धा नाही, ते काही तुमच्या लक्षात आलं नाही.”

आप्पांचे डोळे बायकोवर खिळले होते. रिट्रॅक्टरमुळे ते हसत होते, पण डोळे वेगळंच काही करत होते. सूनबाईंनी दुसऱ्यांदा दाबलं आणि सोडलं. रक्त गेलं, आलं, उसळलं, आणि मग हळूहळू आपल्या चालीवर उतरू लागलं. आता ते मूळ रेघेला टेकेपर्यंत फक्त थांबायचं होतं. सासूबाई गप्प झाल्या असत्या तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

“एका दुपारी मी तलावाच्या पार मधोमध गेले,” त्या म्हणाल्या. “आणि वारा सुटला. असा सुटला की होडी गरगर फिरायला लागली. वल्हं सावरायला गेले तर तेच हातातून सुटलं. बघता बघता लांब गेलं. काठावर कोणी दिसेना. म्हातारा जेवायला गेलेला. मुलांची शाळा सुटायची वेळ झालेली. मी होडीत उभी राहिले.”

मशीनने लांब सूर काढला. रेघ टेकली होती. विसावी हिरडी पूर्ण झाली.

सूनबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, ही त्यांच्या हयातीतली दुसरी थाप असावी. “झालं ना?” असं म्हणून सासूबाई पर्स घेऊन उठल्या आणि दारापाशी गेल्या. होडी तिथेच तलावात राहिली. गरज संपली की बोलणं थांबवायचं, अशीच त्यांना सवय.

आता रिट्रॅक्टर काढायचा होता, आणि खोलीतल्या तिघांनीही मनाची तयारी केली. एवढा वेळ तुंबलेलं बोलणं सुटणार होतं, आणि दाबलेलं सुटलं की काय होतं ते सगळ्यांनी नुकतंच पडद्यावर पाहिलं होतं. तलावाची मोजणी, त्याची खोली, शिवणाच्या क्लासचा जाब, सगळं आता एकदम येणार. सूनबाईंनी कडं काढलं आणि एक पाऊल मागे सरकल्या.

आप्पांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले, जबडा इकडेतिकडे हलवून पाहिला.

“पुढे?” ते म्हणाले.

“पुढे काय?” सासूबाई दारातून म्हणाल्या. “पाण्यात उडी मारली, वल्हं घेऊन आले.”

“पाण्यात? अगं, तो तलाव मधोमध केवढा खोल आहे माहिती आहे का? मी स्वतः दोर सोडून मोजलाय. तिथे तर…” आप्पा थबकले. त्यांनी आपणहून तोंडावर हात ठेवला. पण हात ठेवून फार वेळ भागणार नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. “तुला पोहता येतं?” त्यांनी बोटांच्या फटीतून विचारलं.

“ती वेगळी गोष्ट आहे,” सासूबाई म्हणाल्या.

बाहेर पावलं वाजली. मशीन न्यायला आलेली दोन माणसं दारात उभी राहिली आणि आत बघू लागली. आप्पांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते पुन्हा खुर्चीत नीट टेकून बसले होते. त्यांनी ट्रेमधला रिट्रॅक्टर उचलला आणि सुनेपुढे धरला.

“लाव,” ते म्हणाले. “आणि हिला आत घे.”

सासूबाई दारातून आत आल्या. मग त्यांनी स्टूल खुर्चीच्या आणखी थोडं जवळ ओढलं आणि पर्स खाली जमिनीवर ठेवून बसल्या.

“पेशंट बाकी आहे का अजून?” दारातल्या माणसाने विचारलं. “आम्ही थांबू का?”

“नको,” सर म्हणाले. “मशीन घेऊन जा. खुर्ची राहू दे.”